न चाखणारे भुजंगराव

रोज सकाळी वनजाबाई दारात रांगोळी घालायला गेल्या की भुजंगराव गुपचूप स्वयंपाकघरात शिरायचे, हिंगाची डबी काढायचे आणि झाकण उघडून थेट नाकाखाली धरायचे. डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे. मग कॉफीच्या पुडीचा डबा, मग देव्हाऱ्यातला कापूर. शेजारच्या घरातला माणूस शिंकावा असा तो हिंगाचा खडा. पण भुजंगरावांच्या नाकात नुसती हवा जायची आणि नुसती हवा बाहेर यायची. आषाढातल्या तापात गेलेला वास आश्विन उजाडला तरी परतला नव्हता. डबी जागच्या जागी ठेवून ते बाहेर येऊन बसायचे आणि वनजाबाईंनी कॉफी आणून दिली की कपावर नाक नेऊन म्हणायचे, "वा!"

हे "वा" आता नुसतं तोंडदेखलं होतं. तरी म्हणायचे, कारण तीस वर्षं म्हणत आले होते.

आता कचेरीत बसणाऱ्या माणसाचा वास गेला तर त्याचं काय अडतं? चार दिवस सर्दी म्हणून मिरवावं आणि विसरून जावं. पण भुजंगरावांचं सगळं पोट नाकावर चाललेलं. चामुंडीच्या टेकडीच्या पायथ्याला एक जुना क्लब आहे. त्याच्या मागच्या अंगणातली कोळशाची शेगडी सव्वीस वर्षं भुजंगरावांच्या ताब्यात होती. तिथले पोर्क चॉप म्हैसूरभर माहीत. बरगडीच्या हाडासकटचा जाड तुकडा, निखाऱ्यावर भाजलेला, वरून काळसर तांबूस, काचेसारखी चकाकणारी गोड-खारट पुटं. मेंबर लोक त्याला ग्लेज म्हणत, भुजंगराव त्याला पाक म्हणत. बन्नूरच्या गुऱ्हाळातली काकवी, पिरियापट्टणच्या पलीकडून कोडगूतून, म्हणजे कुर्गातून, येणारा कचंपुळी फळाचा काळा आंबट रस, ठेचलेला लसूण, मिरे आणि मीठ. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. भुजंगराव विचारेल त्याला हे सांगत. लोक घरी जाऊन करत आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने परत क्लबात येऊन बसत.

आणि या माणसाने सव्वीस वर्षांत शेगडीवरचा एक तुकडासुद्धा कधी चाखला नव्हता. हीच त्यांची ख्याती. नवा मेंबर आला की जुना मेंबर त्याला शेगडीपाशी आणून दाखवायचा, "हे आमचे भुजंगराव. जिभेला लावत नाहीत, बघा." भुजंगराव मिशीत हसायचे.

त्याचं मूळ घरात होतं. भुजंगरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडे गेले, दळ गेलं, नजरबादच्या एका गल्लीतलं तीन खोल्यांचं घर आणि एक तलवार तेवढी उरली. नवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, त्या तलवारीला मांसाचा नैवेद्य दाखवायचा. पूर्वी रानडुक्कर मारून आणत. आता दुकानातून पिशवीत घालून आणतात, पण घरात अजून त्याला 'शिकार'च म्हणतात. शिकार पुरुषाने रांधायची, मागच्या अंगणात, उघड्यावर. बायकांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून त्या विस्तवापाशी यायचं नाही. रांधणाऱ्याने चाखायचं नाही, कारण तलवारीच्या आधी जीभ लागली की ते उष्टं. आणि नैवेद्य दाखवून झाला की पानात पडेल ते मुकाट्याने खायचं. प्रसादाला नाव ठेवायचं नाही आणि पानात टाकायचं नाही. लहानपणी एकदा भुजंगराव "मीठ कमी आहे" म्हणाले होते, तर वडिलांनी पानावरून उठवलं होतं.

चाखायचं नाही, मग कळायचं कसं? तर नाकाने. वडिलांनी त्यांना बारा वर्षांचे असताना शेगडीशी बसवून शिकवलं होतं. पहिला वास चरबीचा, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. तो आला की पाकाचा पहिला हात द्यायचा. दुसरा वास काकवीचा, गुऱ्हाळाच्या कढईजवळ उभं राहिल्यासारखा. तिसरा वास कडू, आणि तो यायच्या आत तुकडा उचलायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वासाच्या मध्ये जेवढी फट, तेवढी भुजंगरावांची सगळी विद्या. त्या फटीत त्यांनी घर चालवलं, मुलाला, राघवेंद्रला, विमा कंपनीत लागेपर्यंत शिकवलं, मुलीला, काव्याला, मास्तरीण केलं.

ती फटच आता बुजली होती.

एकदा ते दूरच्या भागातल्या एका डॉक्टरकडे जाऊन आले. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. डॉक्टर म्हणाला, येईल, कदाचित नाही येणार, रोज घरातले उग्र वास घेत राहा. भुजंगराव घेत राहिले. आणि तोवर सोंग सांभाळत राहिले. पाकाचे बुडबुडे मोजायचे, मनात शंभर अंक म्हणायचे, चरबी ठिबकल्याचा आवाज ऐकायचा, रंग बघायचा. दिवसा उजेडी जमून जायचं. ढग आले की रंग फसवायचा.

घरातलं सोंगही त्यांनी चोख ठेवलं होतं. आमटीला फोडणी पडली की "आज हिंग सढळ पडलाय" म्हणायचं. संध्याकाळी क्लबातून परतल्यावर चपला काढता काढता म्हणायचं, "मल्लिगे पार फाटकापर्यंत आली की गं." हे वाक्य तर लग्नापासूनचं. वनजाबाई रोज संध्याकाळी अग्रहाराच्या कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून हातभर मोगऱ्याचा गजरा आणून माळायच्या आणि भुजंगरावांना त्यांच्या आधी त्यांचा गजरा भेटायचा. वास गेल्यावर भुजंगरावांनी एकही दिवस हे वाक्य चुकवलं नाही. चुकवलं असतं तर पकडले गेले असते, असं त्यांना वाटे.

क्लबात मात्र नवं संकट आलं होतं. त्याचं नाव शशांक. हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेला, तीस वर्षांचा, स्वयंपाकघराचा नवा प्रमुख. अग्रहारातल्या सोवळ्या घरातला मुलगा. घरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद आणि इथे डुकराच्या बरगड्यांवर हुकूम गाजवायला बसलेला. स्वतः खायचा नाही, पण मांसात खुपसायचं थर्मामीटर खिशाला पेनसारखं लावून फिरायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात नियम काढला, की प्रत्येकाने आपलं रांधलेलं चमच्याने चाखून मगच बाहेर पाठवायचं.

"आमच्यात चाखत नाहीत," भुजंगराव ताठ मानेने म्हणाले.

"काका, ते घरी हो. इथे सुम्ने, नुसतं एकदा जिभेला लावा की."

"सव्वीस वर्षं नाही लावलं."

शशांकने तेव्हा विषय सोडला. पण गणपती उठल्यानंतर एका ढगाळ दुपारी आठ चॉप करपून परत आले. पुढच्या आठवड्यात आणखी पाच. दोन्ही वेळा भुजंगरावांनी कोळशाला दोष दिला. शशांकने कोळसा बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि नवरात्र बसायच्या दिवशी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, दसऱ्यानंतरच्या रविवारी ऐंशी माणसांचं जेवण आहे. जुने मेंबर सगळे. त्यांना तुमचेच चॉप हवेत. पण आता खात्री नसली ना, तर मी सगळं ओव्हनमध्ये करतो आणि सॉस बाटलीतला आणतो. तुम्ही भाजी कापायच्या टेबलावर या. पगार तोच, चिंता बेडा, करूच नका. दसऱ्यापर्यंत सांगा."

पगार तोच! भुजंगरावांना वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी. मग वाटलं, याचे पाय धरावेत. यातलं काहीच न करता ते "सांगतो" म्हणाले आणि शेगडीपाशी जाऊन उगाच राख उकरत बसले. शेगडी गेली तर आपण कोण, याचं उत्तर त्यांना त्या राखेत काही सापडलं नाही. भाजीच्या टेबलावर बसून गाजरं कापणारे भुजंगराव त्यांना स्वतःलाच ओळखू येईनात.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि पहाटे एक विचार सुचला. बुडणाऱ्या माणसाला सुचतो तसाच. नवमीचा नैवेद्य आहे. घरच्यांना तीस वर्षांची ती चव पाठ आहे. डोळ्यांनी आणि हातांनी नवमीला शिकार जमली, घरच्यांनी नेहमीसारखी खाल्ली, तर नाक गेलं तरी विद्या शाबूत आहे असं समजायचं आणि शशांकला छातीठोक हो म्हणायचं. नाही जमली तर संपलं. आपल्याच घरात प्रसादाला नाव ठेवत नाहीत, ही गोष्ट त्या पहाटे त्यांच्या डोक्यात आली नाही.

नवमीला सकाळपासून आभाळ दाटलेलं. आदल्या रात्रीच्या पावसाने अंगणातलं कोळशाचं पोतं भिजलं होतं.

"अहो, कोळसा सगळा वल्ला झालाय, नोडि, बघा," वनजाबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या.

"करवंट्या लावू. धरेल."

राघवेंद्र तिथेच पायरीवर बसून तलवारीचा गंज काढत होता. त्यासाठी दरवर्षी रॉकेल लागतं. रेशनवर मिळायचं तेव्हाची एक बाटली वनजाबाईंनी एवढ्याचसाठी जपून ठेवलेली. तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही स्नान करून या. मी पेटवतो, आयतु, झालं."

आणि भुजंगराव न्हाणीत असताना पोराने काय केलं? करवंट्या विझायला लागल्या तशी बाटलीतलं उरलंसुरलं रॉकेल शेगडीत ओतलं, वर तलवार पुसलेला चिंधीचा बोळाही टाकला. भडका उडाला, कोळसा धरला. यात पोराचं काही चुकलं नाही. रॉकेल पुरतं जळून वास जाईपर्यंत अप्पा मांस ठेवणारच नाहीत, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. आख्ख्या म्हैसुरात ते कोणाला कळणार नाही, पण अप्पांना कळेल. तो निर्धास्तपणे आंघोळीला गेला.

भुजंगराव ओल्या अंगावर पंचा गुंडाळून आले. बघतात तर शेगडी ढणढणा पेटलेली. त्यांना एवढं बरं वाटलं, की देवीनेच हात दिला असं समजून त्यांनी टेकडीच्या दिशेने नमस्कार केला आणि लगेच जाळी ठेवून तुकडे मांडले.

मग त्यांनी जिवाचं रान केलं. उकिडवे बसले, गुडघे बोंबलत होते तरी उठले नाहीत. ठिबकणाऱ्या चरबीचा आवाज ऐकला. गवती चहाच्या पातींची जुडी पाकात बुडवून पहिला हात दिला आणि शंभर मोजले. उलटवले. दुसरा हात, पुन्हा शंभर. ढगामुळे रंग कळेना, तर मोबाइलचा दिवा लावून एकेक तुकडा न्याहाळला. डोळ्यांत धूर जाऊन पाणी यायला लागलं, आणि त्यातलं धुराचं किती आणि आपलं किती ते त्यांनी बघितलं नाही. तिसरा हात दिल्यावर साठावरच मोजणं थांबवून त्यांनी पटापट तुकडे उचलले. तांब्याच्या ताटात ते असे चकाकत होते, की वडील असते तर मान डोलावली असती.

तलवारीला हळद-कुंकू लागलं, शेवंतीची माळ पडली, नैवेद्य फिरला. पानं मांडली. भुजंगरावांनी स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वाढलं आणि समोर बसले.

राघवेंद्रने पहिला घास तोंडात घातला आणि त्याचा हात पानावरच राहिला. काव्याने आईकडे बघितलं. वनजाबाईंनी दोघांकडे एकदाच डोळे वटारून बघितलं आणि स्वतःचा घास चावायला सुरुवात केली. मग तिघंही जेवू लागली.

भुजंगरावांना स्वतःच्या जिभेवर थोडं गोड, थोडं खारट, थोडं आंबट एवढंच कळत होतं. घशाशी जरा चरचरलं, ते त्यांनी मिऱ्याच्या खाती टाकलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"कसं झालंय?"

"नेहमीसारखं," वनजाबाई म्हणाल्या.

"हौदा? खरंच, अगदी?"

"अगदी."

भुजंगरावांचा चेहरा फुलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा फुलला. ते उठले आणि आग्रह करायला लागले. "काव्या, आणखी एक घे. घे गं, वर्षाचा सण आहे." काव्याने पाण्याचा तिसरा पेला संपवला आणि ताट पुढे केलं. राघवेंद्रनेही घेतला. वनजाबाईंनी तर हाड चोखून ठेवलं. उरलेले दोन तुकडे भुजंगरावांनी स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी शशांकला दाखवायला.

दसऱ्याला क्लबाला सुटी नसते. शहर पाहुण्यांनी फुटायला आलेलं असतं. भुजंगराव सकाळी सकाळी गेले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, मिशीला तेल. शशांकच्या टेबलावर डबा ठेवला.

"उघड. नवमीचा प्रसाद आहे. तू खात नाहीस, ठाऊक आहे मला. नुसता वास घे आणि रविवारचं काय ते बोल."

शशांकने हसत झाकण उघडलं, वाकला आणि झटक्याने मागे झाला.

"काका, एनु इदु, हे काय? यात रॉकेल सांडलंय का?"

भुजंगरावांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. "थट्टा पुरे. नीट घे वास."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर सॅलड कापणारी आभा सुरी खाली ठेवून म्हणाली, "अय्यो, रॉकेल कोणी सांडलं रे? स्टोव्ह आणलाय का कुणी?"

भुजंगरावांनी डबा ओढून घेतला. नाक जवळजवळ मांसात बुडवलं. हवा आत गेली, हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा. दोघंजण आपल्याकडे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मिशीला पाक लागला होता.

मग त्यांना एकेक दिसायला लागलं. राघवेंद्रचा थांबलेला हात. काव्याचे पाण्याचे पेले. आपण जबरदस्तीने वाढलेला दुसरा तुकडा आणि पोरीने निमूट पुढे केलेलं ताट. वनजाने चोखलेलं हाड. आपल्या हाताने आपल्या माणसांना रॉकेल चारलं आणि वर विचारलं, कसं झालंय. ते स्टुलावर बसले.

"मला वास येत नाही रे," ते म्हणाले. "आषाढापासून. काहीच येत नाही."

शशांकने डबा बंद केला. तो वाईट मुलगा नव्हता. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच. बराच वेळ थर्मामीटरचं टोपण उघडझाप करून तो हळूच म्हणाला, "काका, एक करू. रविवारी सगळं ओव्हनमध्येच होईल. तुम्ही फक्त शेगडीपाशी उभे राहा. थोडे निखारे ठेवू. मेंबर लोक बघतील, फोटो काढतील. ताटं मी आतून तुमच्याकडे पाठवीन, तुम्ही वरून बाटलीतल्या पाकाचा हात मारून द्यायचा. कोणाला कळणार नाही. पुढेही असंच चालू दे की."

भुजंगरावांना हो म्हणायला फार वेळ लागला नाही. हे लिहिताना राग येतो, पण ते हो म्हणाले. शेगडी सुटण्यापेक्षा देखाव्याच्या शेगडीपाशी उभं राहणं बरं, असं त्या घटकेला त्यांना वाटलं. शशांकचा हात धरून ते म्हणाले, "कोणाला सांगू नको." आभाला काही ऐकू गेलं नसेल, असंही त्यांनी धरून चाललं.

दुपारी दसऱ्याच्या हत्तींच्या स्वारीसाठी रस्ते बंद, बस नाहीत. भुजंगराव चार वाजता पायी निघाले. कठड्यांच्या मागून, माणसांच्या खांद्यांना खांदे घासत. घोड्यांची लीद पडली होती, भजी तळत होती, फुगे, उदबत्त्या, अत्तरं, घामेजलेले पोलीस. सगळं डोळ्यांना दिसत होतं आणि सगळं काचेच्या पलीकडे होतं. बायकांच्या एका घोळक्यात ते अडकले. प्रत्येकीच्या डोक्यात हातहात मल्लिगे. भुजंगराव त्या फुलांच्या मधून, तोंडावर हात धरून, वाट काढत गेले, कारण त्यांना रडू फुटत होतं आणि दसऱ्याच्या दिवशी भर रस्त्यात मिशीवाल्या माणसाने रडणं बरं दिसत नाही.

घरी पोचेतो दिवेलागण झाली होती. मुलं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटायला नातेवाइकांकडे गेलेली. दारात वनजाबाई उभ्या होत्या. भुजंगरावांनी चपला काढल्या आणि जीभ सवयीने चालली.

"मल्लिगे पार फाटकापर्यंत आली की गं."

वनजाबाई त्यांच्या हातातला डबा घेऊन आत गेल्या, झाकण उघडून बघितलं आणि मोरीपाशी ठेवून दिला.

भुजंगराव मागोमाग आत गेले. "वनजा, तू मला का नाही सांगितलंस? रॉकेल होतं त्यात."

"प्रसादाला नाव ठेवायचं नाही. तुमच्याच घरात शिकले."

"मुलं तरी..."

"राघू रात्रभर झोपला नाही. अप्पांना कळलं कसं नाही, म्हणून सारखं विचारत होता. मी त्याला म्हटलं, सुम्ने गप्प बस."

भुजंगराव भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताप, डॉक्टर, हिंगाची डबी, करपलेले चॉप, रविवारचं सोंग. सांगताना ते वनजाबाईंकडे बघत नव्हते. "आता उभं राहायचंय नुसतं," ते म्हणाले. "कोणाला कळणार नाही. तुलाही कळलं नव्हतं की."

"मला गौरीपासून ठाऊक आहे."

"कसं?"

वनजाबाईंनी मान वळवली. अंबाड्यात एक काळी पिन होती. बाकी काही नव्हतं.

"गौरीच्या आदल्या दिवशी फुलवाली आली नाही," त्या म्हणाल्या. "मी तशीच बसले होते. तुम्ही आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, मल्लिगे फाटकापर्यंत आली. मला वाटलं, थट्टा करताय. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नाही आणली. तुम्ही म्हणालात. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून आणलीच नाही बघा मी. महिना होऊन गेला. काल पूजेलाही नव्हती, आज दसरा, आजही नाही. तुम्ही रोज म्हणता. एक दिवस बघितलं नाहीत."

भुजंगरावांनी तो अंबाडा बघितला. करडे झालेले केस, नीट बांधलेले, उघडेबोडके. महिनाभर ही बाई रोज संध्याकाळी दारात येऊन उभी राहत होती. आज तरी बघतील, आज तरी बोलतील, म्हणून. आणि आपण रोज तिच्या तोंडावर ते वाक्य फेकून आत येत होतो. नाक गेल्याचं दुःख त्यांनी तीन महिने केलं होतं. ही लाज त्याहून मोठी निघाली. ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. वनजाबाई जवळ येऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.

रडणं ओसरल्यावर त्यांनी मोबाइल मागितला.

"शशांक, मी रविवारी येणार नाही," ते म्हणाले. "नाही, उभाही राहणार नाही. तू ओव्हन लाव. मेंबर लोकांनी विचारलं तर सांग, भुजंगरावांना वास येत नाही. हो, असंच सांग. सोमवारी येतो भाजीच्या टेबलावर." पलीकडून शशांक बराच वेळ काही बोलत होता. "आयतु," म्हणून भुजंगरावांनी फोन ठेवला आणि आपले दोन्ही हात मांडीवर उपडे टाकले. बोटांची टोकं निखाऱ्याने कायमची काळी झालेली होती.

"मल्लिगे आण पुन्हा," ते म्हणाले.

"कशाला? तुम्हाला येणार नाही."

"आण. मी बघेन."

रविवारी बाराच्या सुमाराला, क्लबात ऐंशी पानं मांडली जात असतील तेव्हा, भुजंगराव अंगणातल्या पायरीवर बसले होते. शेगडी उपडी करून भिंतीला लावलेली होती. त्यांचे हात राहून राहून जाळीवरचं काही उलटवायला उचलायचे आणि परत मांडीवर यायचे. वनजाबाई बाजारातून आल्या, त्यांच्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसल्या आणि पुडी सोडून गजरा खांद्यावरून मागे दिला. भुजंगरावांनी तो अंबाड्यावर पिनेने लावायचा प्रयत्न केला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा बसला, वाकडा. त्यांनी वाकून नाक फुलांना लावलं आणि वनजाबाई न वळता, श्वास धरून, बसून राहिल्या.

"नाही येत," भुजंगराव म्हणाले.

"बरं," वनजाबाई म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या, त्यांना नीट बघता यावं म्हणून.